इंग्रजी अभिजात कादंबऱ्यांवरचे चित्रपट आणि मालिका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जेन ऑस्टिन, ब्राँटे भगिनी, डिकन्स, गॅस्केल. यांच्यापैकी कुणाचीही कादंबरी पडद्यावर आली की प्रेक्षकांत दोन तट पडतात आणि तेच प्रश्न पुन्हा नव्या दमाने विचारले जातात. इथे त्यातले नेहमीचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं तटस्थ नाहीत. शेवटही फोडले आहेत, कारण दोनशे वर्षं जुन्या गोष्टींचं रहस्य जपण्यात फारसा अर्थ नाही.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ कोणतं चांगलं, १९९५ चं की २००५ चं?

सगळ्यात जास्त भांडणं याच प्रश्नावरून होतात, म्हणून हा आधी. १९९५ ची बीबीसीची सहा भागांची मालिका अँड्र्यू डेव्हिसने लिहिली. त्यात जेनिफर एली नायिका एलिझाबेथ बेनेट आणि कॉलिन फर्थ श्रीमंत नायक डार्सी. २००५ चा जो राइटचा चित्रपट दोन तासांहून थोडा मोठा, त्यात किरा नाइटली आणि मॅथ्यू मॅकफेडियन. मालिकेचे भक्त म्हणतात, चित्रपटात सगळं उरकून टाकलंय, बेनेटांच्या घरात डुक्कर फिरतं, मुली विस्कटलेल्या केसांनी हिंडतात. हे लोक जमीनदार आहेत की कूळ? चित्रपटाचे भक्त म्हणतात, मालिकेत सगळे इस्त्री करून ठेवल्यासारखे बसतात, घामाचा, चिखलाचा मागमूस नाही.

माझं मत: एलिझाबेथ एलीचीच. ती समोरच्याचं बोलणं ऐकत असताना तिच्या डोळ्यांत जे चालतं, ती जवळजवळ कादंबरीच्या निवेदकाची भाषा आहे. डार्सीच्या बाबतीत मात्र कौल देणं अवघड. फर्थचा डार्सी गर्विष्ठ आहे आणि हळूहळू वाकतो, मॅकफेडियनचा मुळात बुजरा आहे आणि लोक त्याला गर्विष्ठ समजतात. कादंबरीत दोन्हीला आधार सापडतो. अनोळखी माणसांशी सहज बोलणं आपल्याला जमत नाही, हे डार्सी स्वतःच कबूल करतो, आणि मग सराव करा, असा टोला एलिझाबेथ त्याला लगेच लगावते.

चित्रपटातली एक जागा अशी आहे की कट्टर मालिकावालेही तिथे गप्प होतात. नेदरफिल्ड या शेजारच्या बंगल्यातून निघताना डार्सी एलिझाबेथला गाडीत चढायला हात देतो आणि वळून चालू लागतो. कॅमेरा त्याच्या चेहऱ्याकडे जातच नाही. हाताची बोटं एकदम ताणली जातात आणि सैल होतात, एवढंच दिसतं. संवाद नाही, कुणी काही समजावत नाही. पुस्तकात हे कुठेही नाही, पण ज्या समाजात अविवाहित स्त्री-पुरुषांचा स्पर्श नाच सोडून फारसा घडतच नसे, तिथे त्या हाताला काय वाटलं असेल ते एका क्षणात कळतं.

तळ्यातून ओल्या शर्टात बाहेर येणारा डार्सी पुस्तकात आहे का?

नाही. ती डेव्हिसची भर. पुस्तकातला डार्सी पेंबर्ली या आपल्या वाड्यावर अचानक समोर येतो आणि दोघांचे चेहरे लाल होतात, बस्स.

मग ‘पुस्तकाशी प्रामाणिक’ म्हणजे नेमकं काय?

प्रसंग मोजून प्रामाणिकपणा ठरत नाही, निदान माझ्या लेखी. या कादंबऱ्यांच्या मुळाशी पैशाचा हिशेब असतो. कुणाला वर्षाला किती पौंड, घर कुणाच्या नावावर, बाप गेला की मुलींचं काय. बेनेटांचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण मालमत्ता पुरुष वारसाकडेच जाणार, म्हणजे मिस्टर बेनेटनी डोळे मिटले की राहतं घर कॉलिन्स नावाच्या भाऊबंदाच्या घशात. डार्सीचे दहा हजार या पार्श्वभूमीवर वाचायचे. हा हिशेब ज्या रूपांतरात जाणवतो ते मला प्रामाणिक वाटतं, मग त्यात दहा प्रसंग गाळलेले असोत.

म्हणूनच मिसेस बेनेटला नुसतं हास्यास्पद करून सोडलं की चीड येते. १९९५ मध्ये अ‍ॅलिसन स्टेडमनने तिचा आवाज असा काही लावला आहे की पहिल्या भागातच कान किटतात. पण बाई चुकतेय कुठे? घरातल्या माणसांपैकी पुढची काळजी तिलाच आहे. ग्रंथालयात बसून टोमणे मारणाऱ्या तिच्या नवऱ्याने मुलींसाठी काही शिल्लक टाकलेली नाही. २००५ मध्ये डोनाल्ड सदरलंडने त्याला इतकं लोभस केलं की त्याचा हा गुन्हा धुऊनच निघाला. मात्र त्याच चित्रपटात मैत्रीण शार्लट ल्युकस सत्तावीस वर्षांची, पैसे नाहीत, आईवडिलांना भार झालेली, भ्यायलेली अशी एलिझाबेथसमोर उभी राहते आणि कॉलिन्सशी लग्न का करतेय ते सांगते. तो एक मिनिट या सगळ्याची भरपाई करतो.

याचा सर्वोत्तम नमुना अँग लीच्या १९९५ च्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’त आहे. मरणाऱ्या बापाने मुलाला सावत्र आई-बहिणींची काळजी घ्यायला सांगितलंय. मुलाच्या मनात आधी तीन हजार पौंड द्यायचं येतं. बायको त्याला समजावू लागते. कादंबरीच्या दुसऱ्या प्रकरणात हे सगळं एका बैठकीत घडतं आणि आकडा उतरत उतरत शेवटी अधूनमधून मासे आणि शिकारीची भेट पाठवण्यावर येतो. चित्रपटात हाच संवाद प्रवासभर पसरला आहे. गाडी पुढे जाते तशी रक्कम खाली येते, आणि गाडी दारात थांबेपर्यंत चार बायका निराधार झालेल्या असतात. वाटण्यांचे किस्से ऐकत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला इथे तळटीप लागत नाही.

ही पटकथा एमा टॉम्पसनची. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. त्याआधी ‘हॉवर्ड्स एंड’साठी अभिनयाचं मिळालेलंच होतं. अभिनय आणि लेखन दोन्हींसाठी ऑस्कर मिळवणारं दुसरं कुणी अजून नाही.

पण ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ची नायिका एलिनॉर एकोणीस वर्षांची आहे ना? टॉम्पसन तर पस्तिशीची होती!

होती, आणि दिसतेही. पहिली दहा मिनिटं खटकतं, नंतर तिचं मौन बघण्यात आपण इतके गुंततो की विसरतो. डेव्हिड लीनच्या १९४६ च्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये तरुण नायक पिपचं काम करणारा जॉन मिल्स अडतिशीच्या घरात होता. ते मात्र मी आजतागायत विसरू शकलेलो नाही.

केस मोकळे, डोक्यावर टोपी नाही, यावर लोक एवढे का चिडतात?

कारण त्या काळात या गोष्टी बोलत असत. मुलगी वयात आली की केस वर बांधले जात, बाहेर पडताना बॉनेट ही टोपी घातली जाई. नायिका केस सोडून गावात फिरली की जाणत्या प्रेक्षकाला वाटतं, हिला कुणी काही बोलत कसं नाही? २००५ च्या चित्रपटावर राग आहे तो याचसाठी. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन मध्यरात्री येऊन धडकते आणि एलिझाबेथ रात्रीच्या कपड्यांत तिला सामोरी जाते. पहाटे त्याच कपड्यांवर कोट चढवून ती डार्सीला माळावर भेटते. ऑस्टिनच्या जगात एवढ्यावर गावभर बभ्रा झाला असता.

सगळे आक्षेप मात्र सारख्या वजनाचे नाहीत. त्या चित्रपटातल्या झग्यांची कंबर छातीखाली चढलेली नाही, अशी तक्रार असते. राइटला ती फॅशन आवडत नव्हती, म्हणून त्याने काळच १७९० च्या दशकात मागे नेला. कादंबरी १८१३ ला छापली गेली, पण तिचा पहिला खर्डा त्याच दशकातला, त्यामुळे हे अगदी मनमानीही नाही. उलट दिशेने गेले ते १९४० चे हॉलिवूडवाले. लॉरेन्स ऑलिव्हिए आणि ग्रीर गार्सनच्या त्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये बायका १८३० च्या आसपासच्या फुगीर बाह्यांत वावरतात, आणि दुष्ट लेडी कॅथरीन शेवटी प्रेमळ निघते. बाह्या मी माफ करतो. लेडी कॅथरीन नाही.

आणि कंबर आवळून श्वास कोंडलेली नायिका? ऑस्टिनकाळच्या पोशाखाला त्याची गरजच नव्हती. कंबर करकचून आवळण्याची हौस नंतरची, व्हिक्टोरियन.

हीथक्लिफ नेमका कोणत्या रंगाचा?

‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) मध्ये मिस्टर अर्नशॉला हा नायक लहानपणी लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडतो. पुस्तकात त्याला सावळा, जिप्सीसारखा म्हटलं आहे. शेजारचे लिंटन त्याला पाहून हा एखादा लहानगा लष्कर असेल, असा तर्क करतात. लष्कर म्हणजे इथे फौज नाही. ब्रिटिश जहाजांवर काम करणाऱ्या आशियाई खलाशांना इंग्रज तसं म्हणत, आणि त्यांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ असत. घरची मोलकरीण नेली तर त्याला समजावताना म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा सम्राट असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. एमिली ब्राँटेने नक्की उत्तर दिलेलं नाही. ‘आपल्यातला नाही’ एवढं मात्र पानोपानी सांगितलं आहे.

पडद्यावर मात्र तो दशकानुदशकं गोराच राहिला. २०११ साली अँड्रिया अर्नल्डने जेम्स हाउसन या कृष्णवर्णीय नटाला घेतलं, तेव्हा कुठे कादंबरीतल्या अपमानांचा अर्थ लागला. अर्नशॉचा मुलगा हिंडली त्याला का छळतो, मुलगी कॅथीला त्याच्याशी लग्न करणं कमीपणाचं का वाटतं, हे त्यानंतर कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही. त्या चित्रपटात संवाद फार कमी, वारा आणि ओलं गवत भरपूर. अनेकांना तो सोसवत नाही. दिग्दर्शिका एमराल्ड फेनेलने आपल्या आवृत्तीत या भूमिकेसाठी जेकब एलॉर्डी या गोऱ्या नटाला निवडल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ओरड झाली ती याच पार्श्वभूमीवर.

विल्यम वायलरच्या १९३९ च्या आवृत्तीची गंमत वेगळीच आहे. तिथे हीथक्लिफ ऑलिव्हिए, म्हणजे गोरा इंग्रज, आणि गोऱ्या कॅथीच्या भूमिकेत मर्ल ओबेरॉन, जी १९११ साली मुंबईत जन्मली होती. तिने आपलं भारतीय मूळ आयुष्यभर लपवलं, टास्मानियात जन्मल्याचं सांगितलं. खरी हकीकत सर्वांपुढे आली ती १९७९ मध्ये ती गेल्यावर. म्हणजे ज्या चित्रपटात हीथक्लिफचं परकेपण पुसून टाकलं, त्यातली नायिकाच आपलं मूळ जपून झाकत होती. हे कळल्यावर तो चित्रपट पूर्वीसारखा बघता येत नाही.

(त्यात दुसऱ्या पिढीची, म्हणजे यांच्या मुलांची गोष्ट मुळीच नाही. कॅथी मेली की जवळजवळ खेळ खलास. अर्धी कादंबरी गायब. हे नंतर बऱ्याच जणांनी गिरवलं. १९९२ च्या आवृत्तीने मात्र दुसरी पिढी ठेवली.)

मग डेव्हिड कॉपरफिल्डच्या भूमिकेत देव पटेल चालतो का?

उत्तम चालतो. आर्मांडो यानुचीच्या २०१९ च्या चित्रपटात वंश न पाहता नट निवडले आहेत, आई एका वर्णाची, मुलगा दुसऱ्या. डिकन्सची माणसं तशीही वास्तवापेक्षा दोन बोटं वर तरंगतात, त्यामुळे खटकत नाही. हीथक्लिफचा प्रश्न वेगळा. तिथे वर्ण हा कथेचाच भाग आहे.

२०२२ चं ‘पर्स्वेजन’ इतकं का नावडलं?

अ‍ॅन एलियट, ऑस्टिनच्या या कादंबरीची नायिका, सत्तावीस वर्षांची. आठ वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून तिने प्रियकर वेंटवर्थला नकार दिला आणि तेव्हापासून ती मिटत गेली आहे. घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. कादंबरीची सगळी ताकद या न बोलण्यात. नेटफ्लिक्सच्या आवृत्तीत डकोटा जॉन्सन कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावते, वाइन ढोसते, शेरे मारते. एवढी हजरजबाबी बाई आठ वर्षं गप्प कशी बसली, असा प्रश्न पडतो, आणि एकदा तो पडला की गोष्ट संपली.

आधुनिक भाषा वापरली म्हणून लोक रागावले असं नाही. ‘क्लूलेस’ने (१९९५) ‘एमा’ सरळ बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेली आणि ऑस्टिनप्रेमींनी ती डोक्यावर घेतली, कारण एमाचा आगाऊपणा जसाच्या तसा होता. ऑटम डी वाइल्डच्या २०२० च्या ‘एमा’त ऐन मागणीच्या क्षणी नायिकेचा घोळणा फुटतो, तेही पुस्तकात नाही, पण त्या बाईच्या तोऱ्याला ते शोभतं.

‘पर्स्वेजन’ बघायचं तर रॉजर मिशेलचं १९९५ चं बघा. अमांडा रूट सुरुवातीला एवढी फिकी दिसते की नायिका हीच का, अशी शंका येते. शेवटाकडे तिच्या चेहऱ्यावर रंग चढत जातो. २००७ च्या आवृत्तीत सॅली हॉकिन्स बाथच्या रस्त्यांवरून धापा टाकत पळते. ती धाव लोकांनी अजून माफ केलेली नाही.

शेवट का बदलतात?

गल्ल्यासाठी, बहुतेक वेळा. २००५ च्या ‘प्राइड’ला अमेरिकेत पेंबर्लीतल्या रात्रीचा, चुंबनाचा एक जादा तुकडा जोडला गेला. ब्रिटनमध्ये तो नव्हता. तिथे चित्रपट बापाच्या हसण्यावर संपतो, आणि तेच बरं.

पण बदललेला शेवट मुळापेक्षा सरस ठरल्याचं एक उदाहरण आहे: बीबीसीची २००४ ची ‘नॉर्थ अँड साउथ’. एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीत मार्गारेट आणि गिरणीमालक थॉर्नटन यांचं जुळतं ते लंडनच्या एका दिवाणखान्यात, कर्जाच्या कागदांवर बोलताना. मालिकेत ते रेल्वे स्थानकावर भेटतात. एक गाडी उत्तरेला, एक दक्षिणेला. तो तिच्या गावाहून, हेल्स्टनहून आणलेलं गुलाबाचं फूल तिला देतो. भर फलाटावर दिवसाढवळ्या चुंबन, तेही १८५० च्या दशकात, हे अशक्यच, आणि हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणाची तक्रार नाही. रिचर्ड आर्मिटेजने टाय काढून ठेवला होता, त्याचाही परिणाम असेल.

मला या मालिकेतली गिरणी जास्त लक्षात राहिली. मार्गारेट पहिल्यांदा आत येते तेव्हा हवेत पांढरं काहीतरी तरंगत असतं, बर्फ भुरभुरल्यासारखं. ते असतं कापसाचं तूस. पुढे बेसी हिगिन्स या कामगार मुलीच्या छातीत हेच साचलेलं असतं. ज्यांच्या घरात कुणी लालबाग-परळच्या गिरणीत खातं सांभाळलं आहे, त्यांना ते दृश्य सुंदर वाटण्याआधी खोकला आठवेल.

डिकन्ससाठी मालिका बरी की चित्रपट?

मालिका. डिकन्सने लिहिलंच हप्त्याहप्त्याने. २००५ ची ‘ब्लीक हाउस’ पंधरा भागांची, पहिला तासाचा आणि बाकीचे अर्ध्या तासाचे. गिलियन अँडरसनची लेडी डेडलॉक आणि चार्ल्स डान्सचा वकील टल्किंगहॉर्न यांच्यासाठी तरी बघाच.

पडद्यावरची ती मोठी घरं खरी असतात का?

असतात, पण तुकड्यातुकड्यांनी. १९९५ मधलं पेंबर्ली बाहेरून चेशायरमधलं लाइम पार्क, आतून डर्बिशायरमधलं सडबरी हॉल. २००५ मध्ये चॅट्सवर्थ वापरलं. पुस्तकात एलिझाबेथच्या सहलीच्या वाटेवर चॅट्सवर्थ आणि पेंबर्ली अशी दोन वेगवेगळी ठिकाणं आहेत, त्यामुळे काही वाचकांना हे मान्य नाही. पुस्तकात ती डार्सीचं चित्र बघते. चित्रपटात चॅट्सवर्थच्या शिल्पदालनात त्याचा संगमरवरी अर्धपुतळा.

या घरांचं सौंदर्य कॅमेऱ्याला भुरळ घालतं, आणि ते उभं कुणाच्या जिवावर राहिलं हा प्रश्न बाजूला पडतो. पॅट्रिशिया रोझेमाच्या १९९९ च्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ने तो विचारला. घराचा मालक सर थॉमस, त्याची अँटिग्वा या कॅरिबियन बेटावर मालमत्ता आहे, हे ऑस्टिननेच लिहिलंय. नायिका फॅनी गुलामांच्या व्यापाराबद्दल विचारते आणि खोलीत शांतता पसरते, हेही. चित्रपटाने त्या शांततेमागचं उघड दाखवलं. फॅनीला धीट लेखिका केलं ते मला पटत नाही, तिचं भित्रेपण हाच पुस्तकाचा कणा. पण अँटिग्वाबद्दल रोझेमाला दोष देणाऱ्यांनी ते पान पुन्हा वाचावं.

मर्चंट-आयव्हरी ही चित्रपट कंपनी इंग्रज होती का?

इस्माइल मर्चंट मुंबईचा, सेंट झेवियर्सचा विद्यार्थी. दिग्दर्शक जेम्स आयव्हरी अमेरिकन. लेखिका रूथ प्रवर झाबवाला जर्मनीत जन्मलेली, लग्न करून दिल्लीत आलेली. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’ आणि ‘हॉवर्ड्स एंड’ या दोन्हींच्या पटकथांसाठी तिला ऑस्कर मिळालं. इंग्लंडचं इतकं इंग्रजी चित्र काढणाऱ्या तिघांत इंग्लंडमध्ये जन्मलेलं कुणीच नव्हतं.

आपल्याकडच्या रूपांतरांचं काय?

‘जेन एअर’वरून ‘संगदिल’ (१९५२), ‘वुदरिंग हाइट्स’वरून ‘दिल दिया दर्द लिया’ (१९६६), दोन्हींत दिलीपकुमार. पण माझी पसंती ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’वरून केलेल्या राजीव मेननच्या तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ला (२०००). तब्बू आणि ऐश्वर्या राय बहिणी, कर्नल ब्रँडनच्या जागी मामूट्टी. मृत्युपत्रामुळे बायकांना घर सोडावं लागतं तो भाग इंग्रजी आवृत्तीइतकाच बोचतो. ‘एमा’वरच्या ‘आयशा’त (२०१०) कपडे छान आहेत.

सुरुवात कशापासून करू?

‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’, १९९५. घरातल्या सगळ्यांना एकत्र बघता येतं. मग कॅरी फुकुनागाचं ‘जेन एअर’ (२०११). ते जेन माळावर पळत सुटलेली असते तिथून सुरू होतं, त्यामुळे पुस्तक न वाचलेला माणूस पंधरा मिनिटं गोंधळतो. गोंधळू द्या, मध्ये बोलू नका. सहा भागांची मालिका सुट्टी लागल्याशिवाय सुरू करू नये, दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं.

आणि पुस्तक आधी वाचायचं की नंतर?

ऑस्टिन आधी वाचा, डिकन्स नंतर वाचला तरी चालेल. ‘वुदरिंग हाइट्स’ कधीही वाचा, कुठल्याच चित्रपटाने ते अजून संपवलेलं नाही.